बहरीनमधील मुदतबाह्य वास्तव्य : कायदा, कारणे आणि परतीच्या वाटा

व्हिशावर किंवा निवास परवान्यावर नोंदलेली मुदत संपल्यानंतरही परक्या देशात राहणे, यासाठी आखातातील मराठी मंडळींच्या बोलण्यात ‘ओव्हरस्टे’ हाच शब्द रूढ झाला आहे. बहरीनमध्ये या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. पर्यटक म्हणून येऊन राहून गेलेला माणूस त्यात मोडतो, मालकाने परवान्याचे नूतनीकरण न केल्यामुळे एका सकाळी आपोआप बेकायदा ठरलेला कामगारही त्यात मोडतो, आणि न्यायालयाच्या प्रवासबंदीमुळे इच्छा असूनही देश सोडू न शकणारा कर्जदारही. कायद्याच्या लेखी तिघांची स्थिती जवळपास सारखीच असते, मात्र तिथवर पोहोचण्याची कारणे आणि तिथून सुटण्याचे मार्ग प्रत्येकाचे वेगळे असतात. हा फरक वेळीच न कळल्याने अनेकांची वर्षे वाया जातात.

पार्श्वभूमी

सुमारे ७८० चौरस किलोमीटर क्षेत्रफळाचे बहरीन हे आखातातील सर्वांत लहान राज्य आहे. २०२० च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या १५ लाख १ हजार ६३५ होती आणि त्यांपैकी ७ लाख ८९ हजार २७३, म्हणजे निम्म्याहून अधिक, परदेशी नागरिक होते. या परदेशीयांत भारतीयांचा समुदाय सर्वांत मोठ्या समुदायांपैकी एक आहे. त्यात केरळच्या लोकांचा वरचष्मा असला, तरी मुंबई, रत्नागिरी, रायगड आणि कोकणपट्टीतील इतर तालुक्यांतून गेलेल्या कुटुंबांचाही या देशाशी जुना संबंध आहे.

हा संबंध तेलाच्या शोधापूर्वीचा आहे. १ जून १९३२ रोजी बहरीनमध्ये तेल सापडले, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून मोत्यांच्या व्यापारामुळे मनामा आणि मुंबई ही बंदरे परस्परांशी जोडलेली होती. ब्रिटिश काळात बहरीनचा राजकीय कारभार भारत सरकारच्या अधिकाऱ्यांमार्फत पाहिला जाई. १९१३ च्या राजाज्ञेने तेथे ब्रिटिश भारतातील अनेक कायदे लागू करण्याची तरतूद झाली. १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत व्यवहारातील चलनही रुपयाच होते. मुंबईहून आगबोटीने मनाम्याला जाणाऱ्या माणसाला आपण फार परक्या मुलखात आलो असे तेव्हा वाटत नसावे.

आजची प्रायोजक पद्धत, म्हणजे ‘कफाला’, ही केवळ अरबी परंपरेची देणगी आहे असा सर्वसाधारण समज आहे. बहरीनचे अभ्यासक उमर अल-शहाबी यांनी आपल्या संशोधनात या पद्धतीची आधुनिक मुळे ब्रिटिश अमदानीतील बहरीनमध्ये शोधली आहेत. बाहेरून येणाऱ्या मजुरांवर कमी खर्चात देखरेख ठेवायची, तर त्यांची जबाबदारी एखाद्या स्थानिक व्यक्तीवर टाकावी, असा तो प्रशासकीय हिशेब होता. साम्राज्य गेले, १९७१ मध्ये बहरीन स्वतंत्र झाले आणि हिशेब मात्र कायम राहिला. परदेशी माणसाचे देशातील वास्तव्य एका विशिष्ट प्रायोजकाशी बांधलेले असणे, हे मुदतबाह्य वास्तव्याच्या प्रश्नाचे मूळ होय.

मुदत कशी उलटते

पहिला प्रकार भेटीच्या व्हिशाचा. नातेवाइकांना भेटण्यासाठी किंवा पर्यटनासाठी मिळणारा हा व्हिसा अल्पमुदतीचा असतो व त्यावर नोकरी करता येत नाही. तरीही ‘आधी भेटीच्या व्हिशावर चला, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ’ असे सांगणारे दलाल मुंबईतही भेटतात आणि तालुक्याच्या गावीही. काही काळ असे रूपांतर तुलनेने सुलभ होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र बहरीनने प्रायोजक नसलेल्या भेटीच्या व्हिशाचे कामाच्या किंवा कुटुंबाच्या व्हिशात रूपांतर करणे थांबवले. त्याच प्रायोजकाखाली रूपांतर करावयाचे असल्यास आकारले जाणारे शुल्क ६० दिनारांवरून २५० दिनारांवर नेले. दलालाचे जुने आश्वासन त्यामुळे अधिकच पोकळ झाले आहे.

दुसरा प्रकार नूतनीकरण न झालेल्या परवान्याचा. कामाचा परवाना काढण्याची, त्याचे शुल्क भरण्याची आणि तो वेळेवर वाढवण्याची जबाबदारी मालकाची असते. कंपनी बुडाली, मालकाने शुल्क थकवले किंवा नियमभंगामुळे त्याच्या व्यापारी नोंदणीवर निर्बंध आले, की परवाना संपतो. कामगार मात्र नेहमीप्रमाणे कामावर जात राहतो. आपला परवाना संपल्याचे त्याला बँकेत, रुग्णालयात किंवा रस्त्यावरील तपासणीत कळते.

तिसरा प्रकार ‘पळून गेलेल्या’ कामगाराचा. कामगार कामावर येत नाही अशी नोंद मालकाने केली, की त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. कित्येकदा ही नोंद खरी असते. पगार चार-चार महिने न मिळाल्याने माणूस दुसरीकडे काम धरतो. काही वेळा तीच नोंद, थकलेला पगार मागणाऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधनही ठरते. एकदा नोंद झाली की तक्रारदाराचीच स्थिती आरोपीसारखी होते.

चौथा प्रकार म्हणजे आखातभर प्रसिद्ध असलेला ‘फ्री व्हिसा’. नाव फसवे आहे. तो फुकट नसतो आणि मुक्तही नसतो. कागदोपत्री एखाद्या दुकानाचा किंवा छोट्या कंपनीचा कर्मचारी असलेला माणूस प्रत्यक्षात बाहेर मिळेल ते काम करतो, आणि त्या नावाच्या मोबदल्यात प्रायोजकाला ठरावीक रक्कम मोजतो. रंगारी, सुतार, नळजोडणीवाले, वाहनचालक अशा रोजंदारीच्या कामांत हा प्रकार विशेष आढळतो. रक्कम देणे थांबले, किंवा प्रायोजकानेच अधिक रकमेची मागणी केली, की नूतनीकरण थांबते. परवान्याची मुदत चालू असतानासुद्धा अशा माणसाचे काम नियमबाह्यच असते, त्यामुळे फसवणूक झाली तरी दाद मागायला तो कचरतो.

पाचवा प्रकार सर्वांत विचित्र. कर्ज थकले, धनादेश वटला नाही किंवा भाड्याचा वाद न्यायालयात गेला, तर प्रवासबंदी लागू होऊ शकते. बंदी असेपर्यंत देश सोडता येत नाही, आणि नोकरी गेलेली असल्यास निवास परवानाही संपतो. राहण्याची परवानगी नाही व जाण्याचीही नाही, अशा कोंडीत मिळकतीचे साधन उरत नाही आणि मिळकतीवाचून कर्ज फिटत नाही. २०२१ च्या दिवाणी अंमलबजावणीविषयक कायद्याने या बंदीच्या कालावधीवर मर्यादा घातल्या आहेत, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

कायद्याची चौकट

परदेशीयांचा प्रवेश व वास्तव्य यांचे नियमन बहरीनमध्ये मूलतः १९६५ च्या कायद्याने होते. त्याची अंमलबजावणी गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरिकत्व, पारपत्र व निवास विभाग करतो. कामाच्या परवान्यांचा कारभार २००६ च्या १९ क्रमांकाच्या कायद्याने स्थापन झालेल्या श्रमबाजार नियामक प्राधिकरणाकडे आहे. हेच प्राधिकरण बोलण्यात ‘एलएमआरए’ म्हणून ओळखले जाते. खासगी क्षेत्रातील पगार, रजा, कामाचे तास, सेवासमाप्ती आदी बाबी २०१२ च्या ३६ क्रमांकाच्या कामगार कायद्याखाली येतात.

व्यवहारात या तीन कप्प्यांचा भेद ध्यानात ठेवणे महत्त्वाचे ठरते. मुदत उलटल्याचा दंड निवासविषयक यंत्रणेचा, परवान्याविना काम केल्याचा ठपका श्रमबाजार प्राधिकरणाचा, आणि थकलेल्या पगाराची तक्रार कामगार कायद्याखालची. परवाना संपला म्हणून केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. ‘तू आता बेकायदा आहेस, तुला काही मागता येणार नाही,’ ही मालकाची धमकी म्हणूनच अर्धसत्य असते. दंड आणि देशाबाहेर रवानगी यांचा धोका खरा असतो, मात्र केलेल्या कामावरील हक्क त्यामुळे नाहीसा होत नाही. परवान्याविना माणूस कामाला ठेवणे हा मालकाचाही गुन्हा आहे. कामगाराचे पारपत्र ताब्यात ठेवण्याचाही मालकाला अधिकार नाही.

सुधारणांचा प्रवास

प्रायोजक पद्धतीत बदल करण्याचा प्रयत्न करणाऱ्या आखाती राज्यांत बहरीन आघाडीवर राहिले. २००९ मध्ये तत्कालीन कामगारमंत्री माजिद अल-अलावी यांनी या पद्धतीची तुलना गुलामगिरीशी केली होती. त्याच वर्षी लागू झालेल्या ७९ क्रमांकाच्या निर्णयाने, ठरावीक पूर्वसूचना देऊन मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा परदेशी कामगारांना मिळाली. २०११ मधील दुरुस्तीने तिला पहिल्या मालकाकडे किमान एक वर्ष काम करण्याची अट जोडली.

जुलै २०१७ मध्ये ‘फ्लेक्सी परमिट’ आले. परवाना संपलेल्या किंवा रद्द झालेल्या कामगाराला, दोन वर्षांचे शुल्क व मासिक वर्गणी भरून, स्वतःच स्वतःचा प्रायोजक होण्याची सोय यामुळे झाली. मालकाने ‘पळून गेला’ अशी नोंद केलेल्यांना मात्र ती खुली नव्हती. हजारो लोक या मार्गाने कायद्याच्या कक्षेत परतले. शुल्क गरिबाला जड होते आणि स्थानिक व्यापाऱ्यांचा तिला विरोध होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही योजना बंद करत असल्याचे सरकारने जाहीर केले. डिसेंबर २०२२ पासून तिच्या जागी व्यवसायनिहाय नोंदणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि नोंदणी केंद्रांमार्फत परवाने देण्यात येऊ लागले.

पगाराच्या बाजूने दोन बदल महत्त्वाचे आहेत. मे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या वेतन संरक्षण व्यवस्थेमुळे पगार बँकेमार्फत देणे आणि त्याची नोंद ठेवणे मालकांना बंधनकारक झाले. मार्च २०२४ पासून परदेशी कामगारांच्या सेवासमाप्तीच्या रकमेचा हप्ता मालकाने दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावयाचा आहे. ‘हिशेब मिळाल्यावर जाईन’ म्हणत मुदत उलटू देणाऱ्यांची संख्या पूर्वी मोठी होती. ही रक्कम मालकाच्या मर्जीवर अवलंबून न राहिल्यास तसे थांबण्याचे एक कारण कमी होते.

सवलतीचे काळ

ठरावीक मुदतीत पुढे येणाऱ्यांना दंड माफ करून मायदेशी जाऊ देणे किंवा कायदेशीर करून घेणे, अशा सवलती बहरीनने वेळोवेळी दिल्या आहेत. २००७ मध्ये अशी मोहीम झाली. पुढे १ जुलै ते ३१ डिसेंबर २०१५ असा सहा महिन्यांचा काळ देण्यात आला. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, एप्रिलपासून वर्षअखेरपर्यंत सवलत होती. त्याच मे महिन्यात भारत सरकारची ‘वंदे भारत’ विमाने आखातातून लोकांना परत आणू लागली होती. न्यायालयात खटला किंवा प्रवासबंदी असणाऱ्यांना अशा सवलतींचा लाभ सहसा मिळत नाही. त्यांना आधी ते प्रकरण मिटवावे लागते.

शेजारी देशांतही हीच रीत आहे. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये, कुवेतने २०२४ च्या पूर्वार्धात, तर संयुक्त अरब अमिरातीने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशी सूट दिली. या अनुभवातून एक घातक सवय मात्र जडते : पुढच्या सवलतीची वाट पाहण्याची. दोन सवलतींमध्ये पाच वा आठ वर्षे जाऊ शकतात आणि पुढची केव्हा येईल, येईल की नाही, याची हमी कुणीही देऊ शकत नाही. त्या भरवशावर राहणाऱ्याचा दंड वाढतो, वय वाढते आणि घरची माणसे दुरावतात.

कागद नसलेले जगणे

बहरीनमध्ये दैनंदिन व्यवहार ‘सीपीआर’ या ओळखपत्राभोवती फिरतात. बँक खाते, मोबाइलचे सिमकार्ड, घरभाड्याचा करार, दवाखान्यातील नोंद, सर्वांना ते लागते. त्याची मुदत संपली की माणूस एकेका व्यवहारातून बाहेर पडत जातो. पगार रोखीने आणि मालक म्हणेल तितकाच मिळतो, घरी पैसे दुसऱ्याच्या नावाने पाठवावे लागतात, दुखणे अंगावर काढले जाते, चोरी झाली तरी पोलिसांकडे जाण्याची सोय उरत नाही.

निवाराही असाच मिळतो. भाडे वाटून घेण्यासाठी जुन्या इमारतींच्या खोल्यांत क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक लोक दाटीवाटीने राहतात. जानेवारी २०१३ मध्ये मनाम्याच्या मुखारका भागातील अशाच एका वसतिस्थानाला आग लागून १३ बांगलादेशी कामगारांचा मृत्यू झाला. रोजंदारी करणाऱ्यांच्या निवाऱ्याची अवस्था त्या दुर्घटनेने सर्वांसमोर आणली.

मुलांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बहरीनच्या भूमीवर जन्मल्याने तेथील नागरिकत्व मिळत नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करणे आवश्यक असते. त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. आईवडिलांचेच कागद संपलेले असतील, तर पकडले जाण्याच्या भीतीने जन्माची नोंदच टाळली जाते. अशा मुलाला शाळा मिळत नाही व पारपत्रही मिळत नाही. आईवडिलांनी परतण्याचे ठरवले, तरी मुलाच्या कागदांवाचून कुटुंबाचा पाय अडकून राहतो. मुदत उलटलेली असली तरी जन्मनोंद करून घ्यावी, असा सल्ला कामगारांसाठी झटणाऱ्या संस्था देतात, तो याच कारणासाठी.

परतीच्या वाटा

पहिली वाट म्हणजे प्रश्न उद्भवण्यापूर्वीची काळजी. परवान्याची सद्यस्थिती श्रमबाजार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासता येते. त्यासाठी मालकाच्या तोंडी हवाल्यावर विसंबण्याची गरज नसते. करारपत्र, पगाराच्या पावत्या, हजेरीचे कागद आणि पारपत्राच्या प्रती यांचा एक संच भारतातील घरी ठेवलेला असावा.

पगार थकला असल्यास परवाना जिवंत असतानाच तक्रार करणे श्रेयस्कर. काम सोडून निघून जाण्यापूर्वी झालेली तक्रार ही पुढे ‘पळून गेला’ या नोंदीविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा ठरते. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी काम सोडले आणि मग तक्रार केली, तर तीच हकिकत सिद्ध करणे कठीण होते. प्राधिकरणाचे परदेशी कामगारांसाठीचे संरक्षण व साहाय्य केंद्रही आहे. तेथे मार्गदर्शन व संकटग्रस्तांना तात्पुरता आसरा मिळू शकतो.

पारपत्र हरवले असेल किंवा मालकाकडून परत मिळत नसेल, तर भारतीय वकिलात मायदेशी एकदाच प्रवास करण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देते. ते हाती आले म्हणजे दंड किंवा खटला मिटला असे नव्हे. निवास विभागाची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते. वकिलातीत नियमितपणे भरणाऱ्या खुल्या सभेत अशी प्रकरणे थेट मांडता येतात. २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ संकेतस्थळही उपलब्ध आहे. तेथील तक्रार भारतातून कुटुंबीयांनाही नोंदवता येते, हे गावाकडच्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आर्थिक मदतीचा स्रोत म्हणजे २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी. निराधार झालेल्यांचे निवास-भोजन, परतीचे विमानभाडे, कायदेविषयक साहाय्य, तातडीचे औषधोपचार आणि मृतदेह मायदेशी पाठवणे, यांसाठी तो वापरला जातो. ज्याचा सकृद्दर्शनी दोष नाही अशा कामगाराचा मुदतबाह्य वास्तव्याबद्दलचा किरकोळ दंडही या निधीतून भरता येतो. ‘दोष नाही’ हे दाखवायला कागद लागतात. निवासविषयक कायदा दंड आकारताना केवळ तारीख पाहतो, साहाय्य देणारी यंत्रणा मात्र कारण पाहते, आणि म्हणूनच कारणाचा पुरावा जपणे महत्त्वाचे. बहरीनमध्ये वकिलातीच्या सहकार्याने काम करणारा भारतीय समुदाय साहाय्य निधी, म्हणजे ‘आयसीआरएफ’, हाही संकटात सापडलेल्या कामगारांना मदत करतो.

स्वतःहून पुढे येऊन, दंड भरून किंवा माफ करून घेऊन देश सोडणे आणि पकडले जाऊन रवानगी होणे यांत मोठे अंतर आहे. रवानगी झालेल्याचे नाव काळ्या यादीत जाते व पुन्हा प्रवेश नाकारला जातो. बोटांचे ठसे घेतलेले असल्याने नवे पारपत्र काढून परतण्याची जुनी युक्ती आता चालत नाही.

निघण्यापूर्वीची सावधगिरी

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः स्थलांतर तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तीला नोकरीसाठी ज्या १८ देशांत जाताना स्थलांतर संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते, त्यांत बहरीन आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील ही परवानगी ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून मिळते. मुंबईत त्यासाठी कार्यालय आहे. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा करापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. भेटीच्या व्हिशावर पाठवणारा दलाल ही संपूर्ण तपासणी चुकवतो. करार नसतो, मालकाचे नाव नोंदलेले नसते आणि पुढे वाद झाल्यास दाखवायला काही उरत नाही.

दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज हेच बहुतेक मुदतबाह्य वास्तव्याचे अदृश्य कारण असते. दागिने गहाण पडलेले असतात, बहिणीचे लग्न ठरलेले असते, आणि रिकाम्या हाती परतण्यापेक्षा आणखी सहा महिने थांबावे असे वाटते. परंतु त्या सहा महिन्यांत मजुरी घटते आणि दंड वाढतो. हा हिशेब वेळेत मांडून दाखवणारे कुणीतरी घरी असणे आवश्यक असते. ‘कसाही ये, पण ये,’ असा निरोप घरून गेला, की परतीचा निर्णय घेणे सोपे होते, असा अनुभव या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते सांगतात.

शुल्क, दंड आणि सवलतींचे नियम वेळोवेळी बदलत असतात. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी श्रमबाजार नियामक प्राधिकरण किंवा मनाम्यातील भारतीय वकिलात यांच्याकडून त्या दिवशीची माहिती घेणे इष्ट.